कॅमेऱ्याचा एफपीएस किती? आधी ड्रायव्हरला नीट विचारा

नमस्कार मंडळी, सांगलीतनं बोलतोय. कॅप्चर कार्डच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्यांदा आलाय की आज त्याच्यावरच बसूया. "दादा, माझा वेबकॅम ३० एफपीएसचा का ६० चा, हे कोडमधनं कसं काढायचं?" एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रं. कुणी पायथनमध्ये विचारतंय, कुणी सीमध्ये, एकजण तर रोज सकाळी आठवण करून द्यायला लागलाय, त्यामुळं चला.

बेसिक पटकन उरकतो. लिनक्सवर कॅमेरा लावला की डेव्ह फोल्डरमध्ये व्हिडिओ झिरो नावाची फाइल दिसते, तिच्याशी प्रोग्राममधनं बोलायची भाषा म्हणजे व्ही-फोर-एल-टू. बहुतेक यूएसबी कॅमेरे यूव्हीसी या स्टँडर्डचे, त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे कॅमेरा चालवणारं सॉफ्टवेअर, कर्नलमध्ये, लिनक्सच्या गाभ्यातच असतो. एका कॅमेऱ्याच्या दोन फाइली दिसल्या तर दुसरी बहुतेक मेटाडेटाची, म्हणजे फ्रेमबद्दलच्या माहितीची, तिच्यातनं चित्र येत नाही. झालं बेसिक.

आता मुद्दा, आणि हा मी आज तीनदा सांगणार आहे. "कॅमेऱ्याचा एफपीएस किती" हा प्रश्नच अर्धा आहे. सांगली स्टँडवर चौकशीच्या खिडकीत जाऊन नुसतं "गाडी किती वाजता?" म्हणून बघा. आतनं पहिलं काय येणार? "कुठं जायचंय?" तासगाव म्हणाला तर एक वेळ, इस्लामपूर म्हणाला तर दुसरी. तसंच इथं. पिक्सल फॉरमॅट कुठला (चित्र कुठल्या रूपात पाठवायचं) आणि साइझ कुठली हे सांगितल्याशिवाय फ्रेम रेटला अर्थच नाही.

हे मी पुस्तकातनं शिकलो नाही. दोन वर्षांमागं पलूसकडच्या एका गावात जत्रेचं कुस्ती मैदान होतं, लाइव्ह दाखवायचं काम माझ्याकडं. कॅमेऱ्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात १०८० पी, ३० एफपीएस. मी प्रोग्राममध्ये १९२० बाय १०८० टाकलं, फॉरमॅटला हातच लावला नाही, तो डिफॉल्ट वाययूवायव्हीवर, म्हणजे न दाबलेल्या फॉरमॅटवर राहिला. सेकंदाला ५ फ्रेम! म्हणजे दर २०० मिलिसेकंदाला एक. पोरानं एकेरी पट काढला, समोरचा चितपट, मैदानात हलगी नि शिट्ट्या, आणि मोबाइलवर बघणाऱ्यांना एका फ्रेममध्ये दोघं उभे, पुढच्या फ्रेममध्ये एक हवेत, त्याच्या पुढच्या फ्रेममध्ये खेळ खलास. त्या पोराचा भाऊ पुण्यात नोकरीला, त्याचा फोन आला, "डाव कुठला लागला ओ, काय कळलंच नाही." वर्षभर तालमीत घाम गाळलेला डाव, आणि घरच्यांना तो दिसला नाही, ते मला अजून लागून राहिलंय.

पाचच फ्रेम का, हे हिशेबानं बघा, म्हणजे डोक्यात कायमचं बसेल. वाययूवायव्हीमध्ये एका पिक्सलला २ बाइट. १९२० गुणिले १०८० गुणिले २ म्हणजे एक फ्रेम साधारण ४१.५ लाख बाइटची. यूएसबी २ वर कॅमेऱ्याच्या आयसोक्रोनस एंडपॉइंटला (ठरावीक वेळेला डेटा पाठवायची वाट) एका वेळी जास्तीत जास्त १०२४ बाइटची ३ पाकिटं, सेकंदाला ८००० वेळा, म्हणजे सगळं मिळून २.४६ कोटी बाइट. ५ फ्रेमचे होतात २.०७ कोटी, बसतात. ६ फ्रेमचे २.४८ कोटींच्या वर जातात, नाही बसत. विषय संपला. तोच कॅमेरा एमजेपीजीवर टाकला की प्रत्येक फ्रेम दाबून बारीक होऊन येते आणि ३० मिळतात. खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता, तो एमजेपीजीचा होता, एवढंच.

तिसऱ्यांदा, आता कोडमधनं. स्क्रीनवर बघा, तीन लूप आहेत, एकात एक, प्रत्येकात ड्रायव्हरला एक कॉल. बाहेरचा एनम-फॉरमॅट, तो फॉरमॅट देतो. मधला एनम-फ्रेमसाइझेस, त्याला फॉरमॅट भरून द्यायचा. आतला एनम-फ्रेमइंटरव्हल्स, त्याला फॉरमॅट, रुंदी, उंची तिन्ही भरून द्यायचं. इंडेक्स शून्यापासून वाढवत जायचा, ड्रायव्हरनं ईइनव्हाल हा एरर दिला की यादी संपली. कालच एकानं कोड पाठवलेला, "पहिल्याच कॉलला ईइनव्हाल येतोय, ड्रायव्हर खराब आहे." बघतो तर रुंदी-उंची शून्य! अरे भावा, कुठं जायचंय ते सांगितलंच नाहीस की.

आणि हो, ड्रायव्हर एफपीएस देत नाही, इंटरव्हल देतो, दोन फ्रेममधला वेळ. १ छेद ३० आलं तर ते उलटं करून ३०. मग स्टेपवाइज टाइपमध्ये (ड्रायव्हर सुटे आकडे न देता मिनिमम, मॅक्सिमम आणि स्टेप देतो तेव्हा) जो मिनिमम इंटरव्हल असतो तोच तुमचा मॅक्सिमम एफपीएस, इथं लय जण उलटं छापतात. विंडोजवर डायरेक्टशोमध्येही, म्हणजे तिथल्या कॅमेऱ्याशी बोलायच्या भाषेतही, तीच गत, तिथं १०० नॅनोसेकंदाचं माप, ३३३३३३ दिसलं की ३० समजायचं. आणि पूर्णांकी भागाकार करू नका राव! १००१ छेद ३०००० आलं तर ते २९.९७ आहे, इंटमध्ये टाकलं की २९ होऊन बसतं आणि मग तासाभरात आवाज एकीकडं, चित्र एकीकडं.

ज्यांना कोड नको त्यांनी टर्मिनलला व्ही-फोर-एल-टू-सीटीएल ही कमांड चालवून लिस्ट-फॉरमॅट्स-एक्स्ट द्या, सगळी यादी फॉरमॅट-साइझसकट मिळते.

आता ओपनसीव्ही ही चित्रांवर काम करायची लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी. कॅप-गेटनं एफपीएस विचारून ३० आलं म्हणजे कॅमेऱ्याला तेवढंच जमतं असं नाही, ती आत्ताची सेटिंग आहे, यादी नव्हे. सेट करताना आधी फोरसीसी, म्हणजे फॉरमॅटचा चार अक्षरी कोड, मग साइझ, शेवटी एफपीएस, आणि सेट केल्यावर परत वाचायचंच, कारण ड्रायव्हर न जमणारा आकडा गुपचूप बदलून जवळचा लावतो नि एरर देत नाही.

एक कमेंट होती ताईंची, "यादीत ३० आहे, सेटिंग ३० आहे, तरी संध्याकाळी १५ च येतात." ताई, ते ऑटो एक्स्पोजर. उजेड कमी पडला की कॅमेरा प्रत्येक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो, रेट पडतो. एक्स्पोजर डायनॅमिक फ्रेमरेट नावाचा कंट्रोल असेल तो शून्य करा, जुन्या कर्नलमध्ये त्याचं नाव एक्स्पोजर ऑटो प्रायॉरिटी. चित्र थोडं काळपट होईल, पण अडखळणार नाही. आणि ट्यूबलाइटखाली पट्टे दिसत असतील तर पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ ठेवा, आपल्याकडची वीज ५० चीच आहे.

गेल्या जत्रेला त्याच गावात परत गेलो. एमजेपीजी, १०८० पी, ३०, आणि सुरू करायच्या आधी टाइमस्टँपवरनं मिनिटभर फ्रेम मोजून बघितल्या. यंदा पोराचा हात गुडघ्यामागं जाताना दिसला, खांदा घुसताना दिसला, लाल माती उडताना दिसली. भावाचा फोन आला, त्यानं डावाचं नाव स्वतःच सांगितलं.

तुमच्या कॅमेऱ्याची यादी खाली टाका, पण फॉरमॅट आणि साइझसकट. नुसता आकडा टाकला तर मी परत विचारणार, कुठं जायचंय?