आधी सावली

[दृश्य : मेणवली. कृष्णेचा घाट, सकाळचं ऊन.]

वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे कृष्णेत उतरणारा चंद्रकोरीसारखा घाट आणि काठाला मेणेश्वराचं देऊळ. पुण्या-मुंबईत चित्रकला शिकलेला आणि लँडस्केप करायला इथे कधीच न आलेला माणूस विरळा.

[दृश्य : बोर्ड, क्लिपा, पेन्सिलीची जुजबी आखणी.]

जलरंगात पहिला ब्रश कुठे लावायचा? नवशिका आकाशापासून सुरुवात करतो. मुरलेला चित्रकार आधी सावल्यांच्या कडा आखून घेतो. तास-दीड तासात पायऱ्यांवरची सावली केव्हाच सरकलेली असते. ती सरकेल तशी बदलत बसलात, तर एकाच चित्रात दोन सूर्य उगवतात. एकदा धरलेली सावली मोडायची नाही.

[दृश्य : पॅलेट, अगदी जवळून.]

दगड काळा म्हणून काळी ट्यूब पिळली, की कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तपकिरी मिसळायचा. उन्हाकडे तपकिरी जास्त, पाण्यालगत निळा. वाळल्यावर रंग फिका पडतो, म्हणून वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, मनाला पटतो त्याहून जरा गडदच द्यायचा. आणि पायरीच्या कडेवरचं ऊन? ते रंगवायचंच नाही. तिथे कागद कोरा सोडायचा. जलरंगात गेलेला पांढरा परत मिळवणं जिकिरीचं. त्यातून एप्रिलमध्ये वॉश पसरायच्या आत वाळतो, श्रावणात वाळता वाळत नाही.

[दृश्य : देवळाजवळची घंटा.]

वसईच्या १७३९च्या विजयानंतर आणलेली ही पोर्तुगीज घंटा. पाहुणे तिच्यापाशी फोटो काढतात. चित्रात मात्र तिच्या वाट्याला एक गडद ठिपका, तोही तिथे अंधार हवा असेल तर. इतिहासापेक्षा धुणं धुणाऱ्या बाईचं लाल लुगडं कामाचं, करड्या दगडात तेवढंच पेटतं. पण ती उठून जाते. तिला आधी दोन फटकाऱ्यांत घ्यावं.

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून परतले आणि रंकाळ्याची, कोटितीर्थाची चित्रं करत राहिले. तेच पाणी, पण दर वेळी ऊन निराळं.

[दृश्य : उन्हं चढलेली, सावल्या आखडलेल्या.]

आता बोर्ड आवरायचा. खोलीवर नेऊन एकेक पायरी पुरी करायचा मोह होतो. तिथे फार तर कमानीखालचा अंधार रंगाचा एक हात देऊन वाढवावा. बाकी चित्राला हात लावू नये.