पेशीतली घंटागाडी
(दृश्य: पंचवटीतली गल्ली, सकाळ. घंटागाडी थांबते, बायका डबे घेऊन बाहेर येतात.)

निवेदन: घंटागाडी एक दिवस चुकली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. आठवडाभर चुकली, की गल्लीत उभं राहवत नाही. मेंदूतल्या पेशींनाही रोजचा कचरा काढावा लागतो. काही घराण्यांत ही व्यवस्था जन्मापासून बिघडलेली असते, आणि तिशी-पस्तिशीतल्या माणसाला पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, गाठतो.

(दृश्य: मध्यमेंदूचा छेद, त्यात काळसर पट्टा.)

हा पट्टा म्हणजे सब्स्टॅन्शिया नायग्रा. इथल्या पेशी डोपामिन बनवतात, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन. ते कमी पडलं, की पार्किन्सन्स. एकेका पेशीच्या फांद्या इतक्या पसरलेल्या, की तिचे जोड लाखांत मोजावे लागतात. शिवाय या पेशी आपण स्वस्थ बसलो तरी विद्युत ठोके देत राहतात. प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम आत शिरतं, ते बाहेर काढायला ऊर्जा लागते. ती पुरवतो मायटोकाँड्रिया, शाळेच्या पुस्तकातली तंतुकणिका. एवढ्या राबणुकीत ती झिजणारच.

(दृश्य: ॲनिमेशन. तंतुकणिकेची दोन आवरणं.)

झिजलेली तंतुकणिका ओळखायची कशी? निरोगी तंतुकणिकेच्या आतल्या आवरणावर विद्युत दाब असतो. त्या दाबाने पिंक-वन नावाचं प्रथिन आत ओढलं जातं, तिथे कापलं जातं आणि लगेच नष्ट होतं. दाब पडला, की पिंक-वन आत जाऊ शकत नाही. ते बाहेरच्या आवरणावर साचतं. हीच घंटा.

घंटा ऐकून येतं पार्किन, हे दुसरं प्रथिन. एरवी ते पेशीद्रवात मिटून पडलेलं असतं. पिंक-वन त्याला आणि यूबिक्विटिन या छोट्या प्रथिनाला फॉस्फेट जोडतं, तेव्हा पार्किन उघडतं आणि खराब तंतुकणिकेवर यूबिक्विटिनच्या माळा चढवू लागतं. माळा वाढतात तसं आणखी पार्किन येतं. मग एक पडदा त्या तंतुकणिकेला गुंडाळतो, लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीत नेतो, तिथे ती विरघळते.

पार्किनचं जनुक १९९८ साली जपानी संशोधकांनी शोधलं, पिंक-वनचा या आजाराशी संबंध २००४ मध्ये कळला. २००६ मध्ये फळमाश्यांनी क्रम उलगडला: पिंक-वन नसलेल्या माशीला जादा पार्किन दिलं तर ती सुधारते, पार्किन नसलेल्या माशीला जादा पिंक-वन देऊन उपयोग होत नाही. घंटा आधी, गाडी नंतर. बारकावे मात्र बहुतेक प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतले आहेत, हे ध्यानात ठेवायला हवं.

(दृश्य: गंगापूर रोडवरचं घर. भिंतीवर कुटुंबाचे फोटो.)

आता एक गैरसमज, आणि तो घराघरांत दुखावतो. तंतुकणिका आईकडून येते, म्हणून हा आजार सुनेच्या माहेरचा, असं बोललं जातं. ते चूक आहे. तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएत अवघी ३७ जनुकं आहेत. पिंक-वन आणि पार्किन त्यांत नाहीत, ती पेशीकेंद्रकात आहेत. आजार होण्यासाठी आई आणि वडील, दोघांकडून सदोष प्रत यावी लागते. दोघेही वाहक, स्वतः ठणठणीत, आणि प्रत्येक अपत्याला धोका चारात एक. मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल, तर एकच सदोष प्रत दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते.

लक्षणंही नेहमीच्या पार्किन्सन्सपेक्षा थोडी वेगळी. चालताना पाऊल आत वळणं, झोपून उठल्यावर काही वेळ बरं वाटणं, थोड्या औषधाने चांगला गुण येणं, पण त्याच औषधाने अंगाच्या नकळत हालचाली लवकर सुरू होणं.

चाचणी सांगताना एक गोष्ट हमखास निसटते. पार्किनच्या जनुकात पुष्कळदा अख्खा तुकडाच गळालेला किंवा दुप्पट झालेला असतो. अक्षरं वाचणाऱ्या साध्या तपासणीत तो दिसेलच असं नाही. तुकडे मोजणारी चाचणी झाली का, हे विचारून घ्या.

(दृश्य: मिसळीची थाळी, शेजारी गोळ्यांची पट्टी.)

लेव्होडोपा ही पार्किन्सन्सची नेहमीची गोळी. ती कचरा उचलत नाही, कमी पडलेलं डोपामिन भरून काढते. मटकी, डाळ, दूध, पनीर यांतली प्रथिनं शोषणाच्या वाटेवर तिच्याशी चढाओढ करतात. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास. मळमळ होत असेल तर सोबत कोरडं बिस्कीट चालतं, दूध नको. गोळी मनाने एकदम बंद करू नये: अंग ताठरून तीव्र ताप चढू शकतो, आणि तो जिवावर बेततो.