माफही करता येत नाही, टाकूनही देता येत नाही

(चित्रगृह. पडद्याचा उजेड प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवर.)

१९८७. ‘फेटल ॲट्रॅक्शन’ प्रदर्शित होण्याआधी निवडक प्रेक्षकांना दाखवला जातो. एक विवाहित पुरुष, त्याचं एका शनिवार-रविवारचं प्रकरण, आणि ते संपलं हे मान्यच न करणारी ॲलेक्स. मूळ शेवटात ॲलेक्स स्वतःचा जीव घेते आणि खुनाचा संशय त्या पुरुषावर येतो. प्रेक्षकांना हा शेवट रुचत नाही. ॲलेक्सला शिक्षा झालेली त्यांना बघायची असते. मग शेवट नव्याने चित्रित होतो. आता त्या पुरुषाची पत्नी ॲलेक्सवर गोळी झाडते. ॲलेक्स साकारणाऱ्या ग्लेन क्लोज यांचा या बदलाला विरोध होता. पण सिनेमा तुफान चालला.

प्रेक्षकांचा तो राग खरा होता. मात्र नव्या शेवटाने काय केलं बघा. सगळा दोष एकटीच्या माथी गेला आणि ज्याच्यापासून हे सुरू झालं, तो नवरा सुखरूप घरी राहिला. त्याच्याबद्दल आपल्याला काय वाटतं, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

(समुद्रकाठचं गाव. हिवाळा.)

आता २०१६ सालचा ‘मँचेस्टर बाय द सी’. ली चँडलर प्यायलेला आहे. थंडीच्या रात्री तो घरातली शेकोटी पेटवतो, तिच्यापुढची जाळी लावायला विसरतो आणि आणखी बिअर आणायला बाहेर पडतो. घर पेटतं. तीन मुलं जातात. पोलीस त्याची जबानी घेतात आणि सांगतात, हा गुन्हा नाही, तुम्ही जाऊ शकता. त्याला हे सहन होत नाही. तो एका पोलिसाचं पिस्तूल हिसकावून स्वतःवरच रोखतो.

इथे प्रेक्षकांची खरी कोंडी होते. शिक्षा मागावी, तर तो आपल्याआधीच ती मागतोय. माफ करावं, तर ती मुलं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. आणि ली काही गोड माणूस नाही. तो बारमध्ये अनोळखी लोकांवर हात उगारतो, आपुलकीने बोलणाऱ्यांना तोडून टाकतो. शेवटी पुतण्याला तो स्पष्ट सांगतो की हे दुःख मला पेलत नाही, मी इथे राहू शकत नाही. यावर काही प्रेक्षक हेलावतात, तर काही वैतागतात. दोन तास सोबत केल्यावर त्याने थोडं तरी सावरायला हवं होतं, असं त्यांना वाटतं. ही अपेक्षा मला चुकीची वाटत नाही. तो सावरावा असं वाटणं म्हणजे त्याच्यावर जीव जडणंच की.

ॲरिस्टॉटलने सुमारे २३०० वर्षांपूर्वी शोकांतिकेबद्दल लिहिलं, की निव्वळ दुष्ट माणूस कोसळला तर करुणाही वाटत नाही, भीतीही नाही. त्यासाठी आपल्यासारखाच मधला माणूस लागतो, कुठेतरी चुकलेला. भीतीचं कारण तिथेच आहे. जाळी आपणही विसरू शकतो.

म्हणूनच ‘हा कसला बाप!’ असं कुणी तावातावाने म्हणतं, तेव्हा त्या रागात बरंचसं घाबरणं असतं, असं मला वाटतं. मी असा नाही, हे स्वतःला बजावून घ्यायचं असतं.

(न्यायालयाचा व्हरांडा.)

इराणी दिग्दर्शक असगर फरहादींच्या २०११च्या ‘अ सेपरेशन’मध्ये तर बाजू घेणंच अवघड. नवरा देश सोडायला तयार नाही, कारण वडील स्मृतिभ्रंशाने आजारी आहेत. बायकोला मुलीसाठी बाहेर पडायचंय. खोटं जवळपास सगळेच बोलतात, आणि प्रत्येकाचं कारण आपल्याला पटतं. आई की बाबा, हे मुलीला न्यायाधीशांसमोर सांगायचं असतं, पण तिचं उत्तर आपल्याला ऐकवलं जात नाही. मग प्रेक्षकच बाहेर येऊन भांडत बसतात. जोडीने गेलेले तर हमखास.

एक प्रतिक्रिया मात्र वेगळी मोजायला हवी. कुणी मध्येच उठून जातं. ज्याने मूल गमावलंय, ज्याच्या घरात दारूने धिंगाणा घातलाय, त्याच्यासाठी पडद्यावरचा प्रसंग गोष्ट उरत नाही. अशा माणसाला ‘अरे, शेवटी छान होतो’ म्हणत बसवून ठेवू नये. त्याला तो सिनेमा पेलला नाही असं म्हणणंही अन्यायाचं आहे. कदाचित चित्रगृहातल्या सगळ्यांपेक्षा त्यालाच तो जास्त कळलेला असतो.

आणि बाकीच्यांनी बाहेर पडल्या पडल्या ‘आवडला का?’ एवढंच विचारून थांबू नये. कुणाचा राग आला ते विचारावं. आणि का आला, तेही.