जवानाच्या बायकोचं नाव: संस्थांची खरी मदत कुठे लागते

नमस्कार मंडळी. सशस्त्र सेना ध्वजदिनाचा व्हिडिओ टाकल्यापासून कॉमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय, "ताई, माजी सैनिकांसाठी पैसे कुठे देऊ?" पटकन सांगते. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन निधी गोळा होतो, तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देता येतो. पुण्यात खडकीला दोन संस्था आहेत. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून अपंगत्व आलेल्या जवानांना काम शिकवते. पॅराप्लेजिक सेंटरमध्ये कण्याला मार लागलेले जवान राहतात. दोन्हीकडे देणगी घेतात.

आता मला जे बोलायचंय ते. नाव!

माझी मावशी माहेरची कमल. लग्नात तांदळात नाव लिहिलं, सुनंदा. काका फौजेत, त्यांनी युनिटमध्ये लिहून दिलं सुनंदाबाई. काका गेले आणि फॅमिली पेन्शन त्या 'बाई'पाशी अडली. आधारवर सुनंदा, शाळेच्या दाखल्यावर कमल. काउंटरवर तिला विचारलं, "यातल्या तुम्ही कोण?" चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला हा प्रश्न! आजही आठवलं की संताप येतो.

तिची गाठ सुटली ती माजी सैनिक संघटनेतल्या एका निवृत्त सुभेदारांमुळे. त्यांनी काकांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्त होताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक उघडलं, पानाखाली पट्टी धरून एकेक अक्षर आधारशी ताडून पाहिलं. मग तिन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं आणि बेळगावला काकांच्या रेजिमेंटच्या, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज धाडला; जवानांच्या नोंदी तिथे असतात. एक पैसा घेतला नाही. उत्तर येईपर्यंत दर आठवड्याला फोन करायचे.

हे मागे सांगितलं तेव्हा एकाने लिहिलं, "हे काय समाजकार्य झालं? हे तर कारकुनी काम." दादा, साडी-चोळी देऊन सत्कार एका दुपारचा असतो. पेन्शन दर महिन्याला येते. संस्थांना पैसे द्याच, पण अर्ज लिहिता येणारी, सोबत रांगेत उभी राहणारी माणसंही त्यांना हवी असतात.

आणि जे जवान आत्ता नोकरीत आहेत, त्यांनी ऐका. लग्नाची नोंद पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे जवानाच्या घरच्या बदलांची नोंद होते त्या लष्करी आदेशात गेली म्हणून निर्धास्त राहू नका, त्यात बायकोचं नाव कसं लिहिलंय ते स्वतः वाचा. आधारवर आहे तस्संच हवं. 'बाई' नको, 'ताई' नको. निवृत्त झाला असाल तर पीपीओवरचं, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचं (पेन्शन पेमेंट ऑर्डर) नाव बघा. तुम्ही हयात असताना दुरुस्ती तुमच्या सहीने होते. नंतर तिला एकटीला सिद्ध करत बसावं लागतं.

मावशीचे कागद आता एका प्लास्टिकच्या फाइलीत असतात, कपाटात सगळ्यात वर. सुभेदारकाकांनीच लावून दिलेत.