४७ मिनिटांचं उड्डाण आणि जगभरचे डोळे

नमस्कार मंडळी. मी लहानाचा मोठा झालो पुण्यात धानोरीला, हवाई दलाच्या लोहगाव तळाच्या धावपट्टीपासून फार लांब नाही, त्यामुळे सुखोई हा शब्द मी पेपरात वाचायच्या आधी कानाने ओळखत होतो. १९९७ साली आपल्या हवाई दलात सुखोई-३० ही रशियन लढाऊ विमानं पहिल्यांदा आली ती लोहगावलाच. दोन विमानं एकामागोमाग उठली की आमच्या खिडक्यांची तावदानं वाजायची, बोलणारा माणूस अर्ध्या वाक्यात थांबायचा आणि आवाज गेला की तिथूनच पुढे सुरू करायचा. अशा घरातल्या पोराला विमानांचं वेड लागलं नाही तरच नवल. आज मी तुम्हाला माझ्यासारख्याच लोकांबद्दल सांगणार आहे, आणि एका विमानाने त्यांना कसं झपाटलं त्याबद्दल.

२९ जानेवारी २०१०, शुक्रवार. रशियाच्या पार पूर्वेला, आमूर नदीकाठी कोम्सोमोल्स्क नावाचं शहर आहे, तिथल्या कारखान्याच्या धावपट्टीवरून त्या दिवशी टी-५० हे विमान पहिल्यांदा उडालं. पायलट सर्गेई बोग्दान. उड्डाण ४७ मिनिटांचं. याच विमानाला पुढे २०१७ मध्ये सुखोई-५७ असं नाव मिळालं. तोपर्यंत कितीतरी वर्षं रशियाचं स्टेल्थ फायटर, म्हणजे रडारला सहजी न दिसणारं लढाऊ विमान, येतंय येतंय एवढंच ऐकलेलं, लोक अंदाजाने चित्रं काढायचे, आणि अमेरिकेचं तसलंच एफ-२२ तर २००५ पासून सेवेत होतं, त्याच्या तोडीचं दुसरं काही कुठेच नव्हतं. त्यामुळे रशियन टीव्हीवर जी काही मिनिटांची चित्रफीत दाखवली ती लोकांनी अक्षरशः एकेक फ्रेम थांबवून पाहिली. मीही पाहिली, रात्रभर, ब्रॉडबँड मध्येच बसायचं, मग परत पहिल्यापासून.

विमानाला रंगसुद्धा दिलेला नव्हता. कुठे प्रायमरचे पट्टे, कुठे धातूऐवजी वापरलेला नुसता करडा कंपोझिट. आणि पहिली प्रतिक्रिया आली ती म्हणजे, ही तर एफ-२२ची कॉपी! हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. समोरून बघितलं तर साम्य वाटतं, मान्य आहे, कारण रडारच्या लाटा परतवायच्या तर कडा एकमेकींना समांतर ठेवाव्या लागतात, शेपट्या तिरक्या कराव्या लागतात, भौतिकशास्त्र सगळ्यांना सारखंच. पण पोटाकडून बघा ना. दोन इंजिनं एकमेकांपासून लांब, मध्ये बोगद्यासारखी जागा, हे तर सरळसरळ सुखोई-२७चं घराणं आहे, म्हणजे आमच्या घरावरून जाणाऱ्या विमानाचंच घराणं. त्याच मधल्या जागेत एकामागे एक अशी शस्त्रांची दोन लांब कपाटं बसवलीत. एफ-२२च्या उभ्या शेपटीचा फक्त मागचा भाग हलतो, इथे आख्खी शेपटीच फिरते. पंख जिथे सुरू होतो त्याच्या पुढचा पत्राही वरखाली होतो. कॉपी करणारा माणूस एवढा उपद्व्याप कशाला करेल?

दुसरी प्रतिक्रिया जास्त अभ्यासू होती आणि तिच्यात दम होता. लोकांनी बोट ठेवलं ते गोल गरगरीत इंजिनांवर, त्यांच्या उघड्या चकचकीत धातूवर, पायलटच्या काचेच्या पुढे बसवलेल्या त्या गोळ्यावर जो समोरच्या विमानाची उष्णता हेरतो, आणि सगळ्यात जास्त वाद कशावर तर समोरून बघितल्यावर इंजिनाची पाती दिसतात का यावर. फिरणारी पाती रडारला फार ठळक दिसतात, म्हणून एफ-२२मध्ये हवा आत नेणारी नळी चांगली वळवून इंजिन पूर्ण लपवलंय. टी-५०ची नळी थोडीच वळते, बाकीचं काम आत बसवलेल्या अडथळ्याने करायचं अशी सुखोईवाल्यांची पद्धत. या एका नळीवर लोक महिनोन् महिने भांडले, कोणी रेघा मारून कोन मोजतोय, कोणी चाकाच्या मापावरून लांबी काढतोय, आणि यातले बहुतेक जण काही इंजिनिअर नव्हते, कोणी शाळेत जाणारा, कोणी बँकेत नोकरीला. मला या लोकांबद्दल मनापासून आदर आहे. शस्त्रांची कपाटं, हलता पत्रा, इंजिनांमधली जागा, हे सगळं त्यांनी असल्या धूसर चित्रांवरून बरोब्बर वाचलं होतं. पत्र्यावरचा रडारच्या लाटा शोषणारा लेप कसा आहे, आतला अडथळा किती काम करतो, हे मात्र फोटोत दिसत नाही, आणि तिथेच भांडण कधी मिटलं नाही.

याच भांडणात मला एक नाव सापडलं, प्योत्र उफिम्त्सेव. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ. रडारच्या लाटा कडांवर आपटल्या की कशा विखुरतात याचं गणित त्यांनी १९६२ साली छापलं, उघडपणे, कारण त्यांच्याकडे कुणाला त्यात लष्करी उपयोग दिसला नव्हता. १९७१ मध्ये अमेरिकन हवाई दलाने त्याचं भाषांतर केलं, ते लॉकहीड या अमेरिकन विमान कंपनीतल्या डेनिस ओव्हरहोल्झर या गणितज्ञाच्या हाती पडलं आणि त्यातून पुढे एफ-११७ उभं राहिलं. म्हणजे कॉपी कॉपी म्हणून ज्यांना हिणवत होते त्यांच्याच माणसाचं गणित अमेरिकेच्या पहिल्या स्टेल्थ विमानाच्या मुळाशी आहे. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

नंतर ऑगस्ट २०११, मॉस्कोजवळच्या झुकोव्स्कीचा एअर शो. हजारो लोकांसमोर विमान धावायला लागलं आणि उजव्या इंजिनातून ज्वाळांचा भपका बाहेर पडला, पॅराशूट उघडून विमान धावपट्टीवरच थांबवलं. स्पॉटर, म्हणजे विमानांचे फोटो टिपत फिरणाऱ्या मंडळींच्या कॅमेऱ्यात तो क्षण अचूक सापडला आणि मग जगभर एकच सूर, बघा, म्हटलं नव्हतं! पण जो माणूस चाचणीचं विमान म्हणजे काय हे जाणतो तो आधी हे बघेल की पायलटने वेळेत ओळखलं आणि विमान शाबूत राहिलं.

आपल्याकडच्या लोकांचं तर त्या विमानात काळीजच अडकलं होतं. डिसेंबर २०१० मध्ये भारताने रशियाबरोबर याच विमानावर आधारित पाचव्या पिढीच्या, म्हणजे स्टेल्थ, फायटरच्या प्राथमिक डिझाइनचा करार केला. नाशिकजवळ ओझरला एचएएल या आपल्या सरकारी विमान कंपनीच्या कारखान्यात सुखोई-३० बनतच होती, तेव्हा नवं विमानही ओझरच्या आभाळात दिसणार असं आम्ही धरूनच चाललो होतो. पैसा, तंत्रज्ञान किती देणार, इंजिन कुठलं, यावर बोलणी रखडत गेली आणि २०१८ मध्ये भारत बाहेर पडला. मला फार वाईट वाटलं. पण पूर्ण तंत्रज्ञान हातात येणार नसेल तर नुसते पैसे भरण्यात अर्थ नव्हता, हेही मी तेव्हाच मित्रांना सांगत होतो आणि त्यावरून दोन मित्रांशी चांगलंच वाजलं होतं.

आणि इंजिन म्हणाल तर पहिल्यापासून विमानात होतं ते तात्पुरतंच. खरं नवं इंजिन डिसेंबर २०१७ मध्ये पहिल्यांदा हवेत गेलं, तेही एकाच बाजूला, दुसऱ्या बाजूला जुनंच. ते ओळखायचं कसं, तर नव्याच्या नॉझलची, म्हणजे इंजिनाच्या मागच्या तोंडाची, कड करवतीच्या दातांसारखी. चित्रफीत आली आणि तासाभरात सगळ्यांना ते दात दिसले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी बंगळुरूला येलहंकाला गेलो, एरो इंडिया या एअर शोला. तिथे सुखोई-५७ आलं होतं आणि अमेरिकेचं एफ-३५सुद्धा, दोन्ही एकाच मैदानावर. सुखोई उडवायला तेच सर्गेई बोग्दान, १५ वर्षांनी. विमान आमच्याकडे पाठ करून वर चढलं, आजूबाजूला सगळे टाळ्या वाजवत होते, आणि माझ्या शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस मात्र मान खाली घालून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर काहीतरी मोठं करून बघत होता. मी न राहवून वाकून पाहिलं. नॉझल. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, पुरानावालाही है. मी म्हटलं, हां, दांत नहीं है, आणि मग आम्ही दोघं एकदमच वर बघायला लागलो.