पोराचं नाव जिब्रील ठेवलं तर चालतं का?

अस्सलाम आलैकुम, नमस्कार मंडळी. आज एका नावाची गोष्ट सांगतो, आमच्या घरातलीच.

तीन वर्षांपूर्वी माहीमला माझ्या बहिणीला मुलगा झाला, सातव्या दिवशी अकीका, म्हणजे बाळाच्या जन्मानंतरचा कुर्बानीचा विधी, ठरलेला, आणि भावोजी म्हणाले नाव जिब्रील. नानी मेथी निवडत बसली होती, तिचा हात तिथेच थांबला. म्हणाली, "अरे, अल्लाचा कलाम पैगंबरांकडे घेऊन येणारा फरिश्ता, देवदूत तो! उद्या पोरानं मस्ती केली की तुम्ही ओरडणार, बिल्डिंगमधली पोरं चिडवणार, तेव्हा जिभेवर कुणाचं नाव आहे याचं भान राहील का?"

मला नानीचं म्हणणं लागलं, खरं सांगतो. आणि हे फक्त जुन्या माणसांचं काहीतरी असंही नाही, मदिनेचे इमाम मालिक, जे 795 साली वारले, त्यांनाही हे नाव ठेवणं नापसंत होतं असं सांगतात. पण नापसंत म्हणजे हराम नव्हे ना! हा फरक लोक विसरतात आणि नव्या आईबापांना उगाच घाबरवून सोडतात, त्याचा मला फार राग येतो. 13व्या शतकातल्या इमाम नववींनी लिहिलंय की नबींची म्हणजे पैगंबरांची आणि फरिश्त्यांची नावं ठेवणं जायज आहे, बहुतेक उलेमांचं, म्हणजे धर्मपंडितांचं, तेच मत. नववी शाफई, म्हणजे इस्लामी कायद्याच्या त्या नावाच्या परंपरेतले, आपण कोकणी मुसलमानही बहुतेक शाफईच, ज्यांचा दर्गा माहीमला आहे ते सूफी संत मखदूम अली माहिमीसुद्धा शाफई, म्हणजे उत्तर दर्ग्याच्या सावलीतच होतं की.

आणि बघा, जन्नतचा दरवान रिझवान मानतात, पण मुंबईत गल्लीगल्लीत रिझवान आहेत, कुणी काही विचारत नाही. मालिक हे तर जहन्नमच्या रखवालदाराचं नाव, कुराणात आलंय, तरी मालिक इब्न हुवैरिस नावाचे सहाबी, म्हणजे पैगंबरांचे साथी, होते आणि वाईट अर्थाची नावं बदलणाऱ्या पैगंबरांनी ते नाव बदललं नाही.

मुलींचं मात्र वेगळं. कुराणातल्या सूरह नज्म या अध्यायाच्या 27व्या आयतीत फरिश्त्यांना बायकांची नावं देणाऱ्यांना फटकारलंय, म्हणून मुलीला फरिश्त्याचं नाव देऊ नये असं बरेच उलेमा सांगतात, मलाइका म्हणजेच फरिश्ते, त्या नावालाही त्यांची हरकत असते. मुलीसाठी फातिमा, मरियम, किती सुंदर नावं आहेत आपल्याकडे.

त्या संध्याकाळी मी नानीला घेऊन सेंट मायकल चर्चवरून चाललो होतो, बुधवार, नोव्हेना प्रार्थनेची ही गर्दी, मेणबत्त्यांचा वास. मी म्हटलं नानी, हा मायकल म्हणजे आपला मीकाईल फरिश्ताच, सूरह बकराच्या 98व्या आयतीत जिब्रीलच्या शेजारीच त्याचं नाव आहे, आणि इथे घराघरात मायकल आहेत. नानी सिग्नलपर्यंत काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ठेवा, पण नाव तोडायचं नाही, जिब्बू-बिब्बू चालणार नाही.

परवा त्यानं अख्खा दुधाचा टोप आडवा केला. नानी फडकं घेऊन खाली बसली आणि म्हणाली, "जिब्रील मियाँ, हे काय केलंत तुम्ही?"