उजव्या सीटवरचा बिघाड

(दृश्य : सिम्युलेटरचा हॉल. सहा हायड्रॉलिक पायांवर डोलणारी पांढरी खोली.)

ही खोली म्हणजे वैमानिकांच्या सरावासाठीचं खोटं कॉकपिट; ती या हॉलच्या बाहेर कधीच जात नाही. तरी आतल्या दोघांच्या लेखी ती आत्ता 9,000 फुटांवर आहे. डाव्या सीटवर कॅप्टन. उजव्या सीटवर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट. मागे अंधारात प्रशिक्षक. आज इंजिन बंद पडणार नाही, आगही लागणार नाही. आजचा बिघाड उजव्या सीटवर बसवलेला आहे. प्रशिक्षकाने को-पायलटला आधीच बाजूला घेऊन सांगितलंय : आज घुम्यासारखं बसायचं, सांगितलेलं कानाआड करायचं. कॅप्टनला याची कल्पना नाही.

(दृश्य : तासाभरापूर्वी. ब्रीफिंगचं टेबल, दोन हात, एक पेन.)

"माझं काही चुकताना दिसलं तर लगेच बोला," कॅप्टन सांगताहेत. "दोघांपैकी कुणीही 'गो-अराउंड' म्हणालं, तर वाद न घालता उतरणं सोडून विमान वर घ्यायचं."

को-पायलट मान हलवतो. नजर कागदावरच. पेन बघा, सारखं फिरतंय. कॅप्टननेही ते पाहिलंय. ते आवाज चढवत नाहीत, गोड बोलून वेळही मारून नेत नाहीत. विचारतात, "या अप्रोचमध्ये तुम्हाला काळजी कशाची वाटते?"

या प्रश्नाला नुसती मान हलवून भागत नाही.

"टेलविंड, सर."

टेलविंड म्हणजे मागून येणारा वारा. एकच शब्द, पण तोंड उघडलं. अवघड सहकाऱ्याला सांभाळण्याचं निम्मं काम इथेच, जमिनीवर होतं. हवेत गेल्यावर त्यासाठी फुरसत नसते.

(दृश्य : कॉकपिट. स्क्रीनचा उजेड चेहऱ्यांवर.)

दोघांपैकी एक विमान उडवतो, तो पायलट फ्लाइंग. दुसरा त्याच्यावर, विमानावर आणि रेडिओवर लक्ष ठेवतो, तो पायलट मॉनिटरिंग. ही वाटणी हुद्द्यावर ठरत नाही. आज उडवतोय को-पायलट, आणि नजर ठेवताहेत कॅप्टन. 10,000 फुटांखाली कामाशिवायचं बोलणं बंद असतं. जुना हिशेब, मघाचा राग, कोण किती सीनियर, सगळं त्या उंचीच्या वर सोडून यायचं.

(दृश्य : वेगाचा आकडा. जवळून.)

"स्पीड."

उत्तर नाही.

"स्पीड, 20 नॉट जास्त."

उत्तर नाही.

कॅप्टन काय बोलले ते नीट ऐका. 'तुम्ही घाई करताय' असं ते म्हणाले नाहीत. 'तुम्ही' हा शब्दच त्या वाक्यात नाही. वेग विमानाचा आहे, आकडा दोघांच्या समोर आहे. माणसावर बोट ठेवलं की माणूस स्वतःला वाचवायला लागतो, आणि तेवढा वेळ विमान कुणीच वाचवत नसतं.

1,000 फूट. इथे चाकं खाली हवीत, फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा, लँडिंगच्या जागी हवेत, वेग आणि उतरण ठरलेल्या मर्यादेत हवी. वेग अजून जास्तच आहे.

"अनस्टेबल. गो-अराउंड."

को-पायलटचा डावा हात थ्रस्ट लिव्हरवर, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर, तसाच.

"आय हॅव कंट्रोल."

"यू हॅव कंट्रोल." को-पायलटने विमान कॅप्टनच्या हाती दिलं.

(दृश्य : लिव्हर पुढे. नाक वर. धावपट्टी काचेखाली निघून जाते. निवेदन नाही, 6 सेकंद.)

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

हे शब्द विमानाबरोबर जन्माला आले नाहीत. पूर्वी कॅप्टन म्हणजे शेवटचा शब्द. 27 मार्च 1977, स्पेनचं टेनेरिफ बेट. धुक्यात केएलएम या डच कंपनीचं बोइंग 747 उड्डाणासाठी धावू लागलं, तेव्हा फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का? कॅप्टनने ठामपणे सांगितलं, झालंय. उजव्या सीटवरच्या अधिकाऱ्याची 747 साठीची परीक्षा याच कॅप्टनने घेतली होती. तो गप्प राहिला. दोन विमानं एकमेकांवर आदळली. 583 माणसं गेली.

पुढच्याच वर्षी, 28 डिसेंबरला, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड या विमान कंपनीचं डीसी-8 लँडिंग गिअरच्या, म्हणजे चाकांच्या, काळजीने सुमारे तासभर घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आल्याचं कॉकपिटमध्ये बोललं गेलं, पण अदबीने, अर्ध्या आवाजात. इंजिनं बंद पडली. 10 जण गेले.

1979 मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली. 1981 मध्ये युनायटेडने आपल्या वैमानिकांना हे शिकवायला सुरुवात केली, आणि त्यातूनच पुढे क्रू रिसोर्स मॅनेजमेंट नावाचं प्रशिक्षण जगभर गेलं. कॅप्टनने विचारायला शिकायचं, को-पायलटने ठणकावून सांगायला. 19 जुलै 1989 ला अमेरिकेतल्या सू सिटीत, विमान वळवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गमावलेलं डीसी-10 कॅप्टन अल हेन्स यांनी धावपट्टीपर्यंत आणलं. प्रवाशांत बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकालाही त्यांनी थ्रॉटल, म्हणजे तेच इंजिनाचे लिव्हर, धरायला आत घेतलं होतं. 184 जण वाचले. हेन्स यांनी पुढे त्याचं श्रेय याच प्रशिक्षणाला दिलं.

(दृश्य : पुन्हा ब्रीफिंगचं टेबल. तेच पेन, आता टेबलावर पडलेलं.)

नाटक उघड झालंय. कॅप्टन विचारतात, "माझे दोन्ही कॉल ऐकून गप्प बसलात?"

को-पायलट थोडा थांबतो. "दुसरा ऐकला, सर. पहिला... खरंच ऐकू आला नाही."

प्रशिक्षक वहीत काहीतरी लिहून घेतात. आमच्या कॅमेऱ्याला या दिवसात मिळालेला सगळ्यात मोलाचा क्षण मला हाच वाटतो. ताण वाढला की कान आधी बंद होतात. मुजोर वाटणारा सहकारी कित्येकदा फक्त बुडालेला असतो. म्हणून दुसरा कॉल. म्हणून हात लिव्हरजवळ.

(दृश्य : खोलीकडे जाणारा पूल. दोघे पुन्हा आत.)

दुसरी फेरी. प्रशिक्षक या वेळी कॅप्टनच्या कानाशी वाकले आहेत. आता कॅप्टनने कुणाचं ऐकायचं नाही. को-पायलटला याची कल्पना नाही.

(दृश्य : दार बंद. खोली वर उचलली जाते.)